चाळणीवर राहिलेलं शेत

“दगडं कोठे गयात? सांग, मन्हा वावरना दगडं कोठे गयात?”

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज मूळचाच असा की ते साक्रीत खाकरले तर धुळ्यात कोंबडे आरवावेत. त्या दुपारी ते जळगावला, मी नोकरी करायचो त्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत उभे राहून ओरडत होते. फळीवरच्या काचेच्या नळ्या थरथरत होत्या आणि माझे साहेब टेबलाखाली पेन शोधत होते. पेन त्यांच्या खिशातच होतं. आबांनी उपरण्याची गाठ सोडली, नांगराचा मोडका फाळ आणि नारळाएवढा दगड माझ्या कागदांवर ठेवला.

“आते यानं कर पृथक्करण!”

पृथक्करणाशी माझी ओळख जुनी. शाळेत मास्तर वाक्याचं करायला लावत. उद्देश्य इकडे, विधेय तिकडे, आणि ‘आबा, पाणी द्या’ यातल्या आबांना आधीच बाहेर काढायचं. हाक मारलेला माणूस वाक्यात धरत नाहीत म्हणे. पुढे धुळ्याच्या कॉलेजात क्षारांचं पृथक्करण. सडक्या अंड्यांच्या वासात मी इतकी वर्षं काढली की माशासुद्धा मला ओळखू लागल्या. गाळून उरेल ते मोरीत. खोलीतला सोबती मानसशास्त्र शिकायचा. माझ्या स्वप्नांची चिरफाड करून त्यात बापाची भीती शोधायचा. आदल्या रात्री मी हाणलेलं परातभर भरीत मात्र कधी धरायचा नाही. जी ती विद्या सुरुवातीलाच काहीतरी फेकून देते, याची तेव्हा मला गंमत वाटे.

मग घरच फुटायला निघालं. आबा आणि त्यांचे थोरले भाऊ, नाना, वेगळे व्हायचे ठरले. वावरं दोनच. नाल्याकाठचं लहान, डोंगराच्या उतारावरचं त्याच्या दुप्पट. आमच्याकडे थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याचा हात वाकडा जात नाही. उचलायची पाळी आबांची. ते चारचौघांत म्हणाले, “मन्हा पोर्‍या सायेब शे. तो माती तपासी, मंग मी बोलसू.”

दोन्ही वावरांच्या मातीच्या पिशव्या भरल्या नानांच्या बायकोनं, आमच्या मोठ्या मायनं. शहरातल्या साहेबांपुढे पुतण्याची मान खाली जायला नको, म्हणून तिनं उतारावरची माती सुपात घेऊन पाखडली, खडे वेचले, पाहुण्यांसाठी गहू निवडावा तशी निवडून पाठवली. तिच्या नजरेतून सुटलेले खडे मी चाळणीत काढले. नियमच तसा होता. चाळणीवर राहिलेलं आम्ही खिडकीतून मागे फेकत असू. दोन जिल्ह्यांतल्या खड्यांचा तिथं दुसरा सातपुडा झाला होता, त्यावर शेळ्या चढत. तक्त्यात नत्राला रकाना, स्फुरदाला रकाना, पालाशला रकाना. दगडांना नव्हता.

उतारावरची माती सरस निघाली. मी ‘उत्तम’ लिहिलं, खाली घोटून सही केली, आणि गावी जाऊन तो कागद सगळ्यांपुढे असा वाचला की जणू डोंगर मीच तिथं आणून ठेवला होता. इतकी स्वच्छ माती आमच्या डोंगरावर कुठून आली, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी मी विचारलं नसतं. आपल्या घरची माती पहिल्या नंबरची निघाली होती.

आबांनी उतार उचलला. नाना पानाला चुना लावत बसले होते. पान दुमडून त्यांनी तोंडात टाकलं.

दोन पावसाळे बाजरी वीतभर वाढली आणि वाळली. खाली नाल्याकाठी नानांची कणसं हाताएवढी. तिसऱ्या वर्षी नांगरताना बैलाचा खूर फाटला, फाळ मोडला, आणि आबा एसटीत बसून थेट जळगावला आले.

ओरडून झाल्यावर ते स्टुलावर टेकले. मी चहा सांगितला. त्यांनी कपाला हात लावला नाही. मला राग आला होता. तो माझाच मला आला होता, पण मी तो त्यांच्यावर काढला.

“आबा, तीस वर्षं तुम्ही त्या वावरात नांगर धरला. दगड तुम्हाला माहीत नव्हते?”

आबांनी दगड पुन्हा उपरण्यात बांधला.

“माहीत व्हतात,” ते म्हणाले. “पन तू लिखेल व्हतं.”