गोदाकाठचा सूर्यास्त आणि मी सांगितलेले खोटे गाव

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आईने एवढेच मागितले, नाशिकला ने. अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन दोन वर्षे झाली होती. तीर्थाला जायचे असेल, असे मी समजले. मला हवा होता पंचवटीच्या पायऱ्यांवरून दिसणारा सूर्यास्त.

संगमनेरहून अकराची मोटार माणसे भरेपर्यंत, म्हणजे एकपर्यंत, हलली नाही. सिन्नरला ड्रायव्हर जेवायला उतरला तो पान चघळतच परतला. तिथली भजी घशाखाली उतरत नाहीत, घरून भाकरी न्यावी. नाशकात टांगेवाल्याने सहा आणे सांगितले, चारात आला.

घाटावर पाय टेकतो तोच उपाध्यांचा गराडा. कोणते गाव, आडनाव काय? देवाच्या दारात ही अडवणूक मला चीड आणते. पिच्छा सुटावा म्हणून मी इंदूर सांगितले. लगेच कुणी इंदूरकरांच्या वृद्ध उपाध्यांना घेऊन आला. ते पायरीवर बसून यात्रेकरूंच्या नावांची जाडजूड वही उलटू लागले. आमचे आडनाव कुठून सापडणार? समोर ऊन उतरत होते आणि मी त्याकडे पाठ करून उभी.

शेवटी आईच म्हणाली, "आम्ही संगमनेरचे, महाराज. पोरगी सगळं शिकली, धड खोटं बोलायला नाही शिकली."

आमचे उपाध्ये दोन गल्ल्या पलीकडे. वाटेत मी कुरकुरले, जुन्या वहीत पाहायचे तरी काय?

"लग्नाच्या वर्षी आलो होतो, तेव्हा तुझ्या अण्णांनी वहीत आपल्या हातानं नावं लिहिली होती. घरात त्यांच्या हातची चिठ्ठीसुद्धा नाही ग. मला वाचता येत नाही, मला कोण पत्र लिहिणार?"

मी पाऊल उचलले.

उपाध्ये वही बांधून आरतीला निघाले होते. आईच्या विनवणीने त्यांनी ती उंबऱ्यावरच उघडली. अण्णांची वाकडी, ठसठशीत अक्षरे: स्वतःचे नाव, खाली आजोबांचे, मग काकांचे. बस्स.

"माझं कुठंय?" आईने विचारले.

मी तिचे बोट काकांच्या नावावर ठेवले. ते तिथून हलेना. उपाध्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने वही बांधली.

बाहेर आलो तर काळोख.

तुम्ही गेलात तर गाव खरे सांगा, सूर्यास्त तरी दिसेल. मी मात्र घरी येऊन नव्याच पेचात पडले आहे. आईने पाटी मागून घेतली. तिला ते नाव स्वतः वाचायचे आहे. स्त्रीशिक्षणावर भाषणे देणारी मी, तिची प्रगती पाहून धास्तावते. काल तिने स्वतःचे नाव, 'भागीरथी', न अडखळता लिहिले. ती पुन्हा नाशिकला ने म्हणायच्या आत मला एकटीने तिथे जाऊन, उपाध्यांचे पाय धरून, अण्णांच्या खाली ते नाव लिहून यायला हवे.