बिनदेठाची मिरची

अर्थशास्त्राच्या पेपरात मी जेमतेम पास झालो होतो. अशाने इराकवरच्या निर्बंधांबद्दल लिहावं हे आगाऊपणाचं वाटेल, त्याची आधीच माफी मागतो. मला जेवढं दिसलं तेवढंच सांगतो.

सोनगीरच्या पुढे एका व्यापाऱ्याचं मिरची वाळवायचं मैदान होतं. तिथे माझी आई वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायची. तिचा एक गुडघा वाकत नसे, त्यामुळे निंदणी, वेचणी काही जमत नव्हतं. पाय पसरून बसून करण्याजोगं हे एकच काम. माल इराकमधल्या बसऱ्याला जायचा आणि तिथल्या गिऱ्हाइकाला देठ अजिबात चालत नसे, म्हणून तीस-चाळीस बाया हंगामभर लागायच्या.

इराकने कुवेत घेतलं, जगाने इराकशी व्यापार तोडला. मिरचीचे ढीग देठासकट पडून राहिले आणि खुडणी थांबली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. व्यापाऱ्याला इंग्रजी कळायचं, पण लिहिता येत नसे; त्याने मला नवीन गिऱ्हाइकांना इंग्रजी पत्रं लिहायला बसवलं. दर रविवारी धुळ्याहून एसटीने यायचं आणि कोलंबो, जेद्दा, चितगाव, सगळीकडे तेच लिहायचं. 'आमचा माल पूर्ण बिनदेठाचा मिळेल' या वाक्याखाली मी रेघ ओढायचो. उत्तर कुणाचंच येईना. पुढे पुढे नुसतं 'महोदय' लिहितानाही हात जड व्हायचा.

बाया कामाची चौकशी करायला यायच्या. शेजारची अक्का म्हणायची, "काय रे भाऊ, तुना कागद बैलगाडीमा बसीसन गया का?" सगळ्या हसायच्या.

"लिखी ऱ्हायना ना तो," आई म्हणायची. मग हळूच मला, "देठनं लिखं ना?"

"लिखं."

हंगाम सरत आला तेव्हा चितगावहून पत्र आलं. व्यापारी म्हणाला, "वाचा भाऊ, मोठ्याने वाचा!" सगळा माल उचलणार होते, पुढच्या वर्षीही घेणार होते. त्याने लगेच पेढ्यांना माणूस पिटाळला. मी शेवटच्या ओळीवर अडखळलो, पण वाचली. व्यापारी म्हणाला, "चला, तेवढी मजुरी वाचली."

दाराशी उभ्या आईला इंग्रजी कळलं नव्हतं. "काय लिखेल शे?" तिने विचारलं.

"माल जाई ऱ्हायना, माय," मी म्हणालो. "पन त्यासले देठसकटच पायजे."