पुड्याचं टोक

चण्यांचा पुडा रिकामा झाल्यावर तो फेकून न देता त्याच्या टोकाकडे टक लावून बसणारं माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात एकच आहे, आणि ते आमच्या धारगळच्या घरात आहे, हे मी अभिमानाने आधीच सांगून टाकते. ही माझी धाकटी नणंद. तिचा विषय कम्युटेटिव्ह अल्जिब्रा, म्हणजे गुणाकारात आधी कोण नि नंतर कोण याने जिथे काही बिघडत नाही असं बीजगणित. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे बशीत कातऱ्यांचा पाव ठेवला, मला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, मी पाव फिरवला की नाही ते सांग. तो पाव दोन्ही अंगांनी सारखा, अर्धा फिरवला तर ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मला कळलं नाही म्हणून ती इतकी खूश झाली की मला वाटलं, या घरात सुनेने परीक्षेत नापासच व्हायचं असतं. कशीही फिरवाफिरव केली तरी जे बदलत नाही ते शोधायचं, हे तिचं काम. एका चवथीला गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळापानांचं छत, बांधायला तिच्याकडे दिली, तर चारी बाजूंनी सारखी दिसायला हवी म्हणून फळं सोडत आणि बांधत राहिली. भटजी येऊन दोनदा चहा पिऊन झाला, तरी हिचं एक तोरंजन हातातच.

मग बाहेरगावच्या संशोधन संस्थेत असताना तिने काहीतरी मोठं सिद्ध केलं. पेपरात बातमी आली, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात सत्कार ठरला. शाल घालणार होते तिला शाळेत गणित शिकवलेले हळर्णचे सर, आणि ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सत्काराच्या सकाळी मी तिला म्हटलं, मला कळेल असं सांग, नाहीतर मी बोलणार नाही. तिने आदल्या दिवशीचा चण्यांचा पुडा उलगडला. म्हणाली, कागदावरचा प्रत्येक ठिपका आणि मध्याच्या पलीकडचा बरोबर समोरचा ठिपका एकच धर. मग अर्धा कागद पुरतो, आणि त्याची कड दुमडून जुळवली की पुडा होतो. पुडा सगळीकडे गुळगुळीत, फक्त टोकाशी अडतं. त्या अडण्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. अशी असंख्य टोकं असतात, आणि काय काय बदलत नाही त्याच्या यादीवरून टोक किती वाईट ते ओळखता येतं, हे तिने सिद्ध केलं होतं. चार प्रकारच्या टोकांचं तिने मला करून दाखवलं आणि म्हणाली, बाकीच्यांचंही असंच.

मी पंचायतीत दाखले देते. कागद बघितल्याशिवाय मी जन्मलेल्या माणसालाही जन्मलेला धरत नाही. सवयीने विचारलं, "कशावरून?"

ती बोलायला लागली आणि मधेच थांबली. जेवली नाही. दुपारभर वहीत डोकं घालून बसली. संध्याकाळी एवढंच म्हणाली की बाकीच्यांचं होत नाही, निदान या वाटेने तरी नाही. पुढच्याच महिन्यात तिची कायमच्या नोकरीची मुलाखत होती, तीही याच कामावर. जाणकारांनी निबंध वाचून पास केला होता, चूक कुणालाच दिसली नव्हती. मी म्हटलं, आज गप्प राहा, मुलाखत होऊ दे. हे मी म्हटलं, याची मला आजही लाज वाटते.

मंडपात सरांनी शाल उलगडली तेव्हा ती माईकपाशी गेली. "माझ्या सिद्धतेत भोक आहे. ते बुजेपर्यंत ही शाल माझी नाही."

सरांनी सावकाश शालीची घडी घातली.

"चूक खंय आसा तें तुका कळ्ळां मगे?"

"कळ्ळां, सर."

"मगीर जाता. शाल खंय धांवून वचना. काम जातकच घे."

आणि काम होईपर्यंत सांभाळ म्हणून शाल त्यांनी माझ्या हातात दिली. लोक टाळ्या वाजवाव्या की नाही या विचारात होते. मी मात्र वाजवल्या, शाल काखेत धरून. आपल्या माणसाचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

निबंध तिने मागे घेतला. नोकरी दुसऱ्याला मिळाली. ती घरी आली आणि डिचोलीच्या एका कॉलेजात वर्षावर्षाच्या बोलीवर शिकवायला लागली. विचाराच्या नादात डिचोलीला उतरायची विसरून मयेपर्यंत जायची आणि पुढच्या बसने परत यायची. शाल माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्यांत. दर चवथीला सर फोनवर विचारायचे, झालं का, आणि मी सांगायचे, अजून नाही. तिच्या संशोधनातली चूक मी काढली, ही फुशारकी मी पाहुण्यांपुढे मारते खरी, पण तो फोन खाली ठेवताना ती फुशारकी कुठच्या कुठे जायची.

गेल्या पावसाळ्यात सर गेले. आणि परवा पंचायतीत दाखल्यांच्या रांगेत नणंद उभी. तिची पाळी आली तेव्हा तिने माझ्यापुढे कागदांची चळत ठेवली.

"वयनी, ही बाकीची टोकं."

मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी मी एकेक पान उलटलं आणि विचारलं, कशावरून? तिने उभ्या उभ्या पहिल्यापासून सांगितलं. रांगेतल्या कुणीही घाई केली नाही. या वेळी ती कुठेच थांबली नाही.

संध्याकाळी मी शाल काढली. म्हटलं, घालायला आता सर नाहीत. ती म्हणाली, "प्रश्न तुवें विचारिल्लो. तूंच घाल." मी घातली. शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, म्हणून म्हटलं, एक ऊन दाखवते. तिने दिली नाही. शाल अंगावर घेऊन ती बराच वेळ ओट्यावर बसून होती, सरांच्या हळर्णच्या दिशेला तोंड करून.