मोहगुड्याचा प्याला

शनिवार, ९ नोव्हेंबर. मोहगुड्याला जाऊन तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा प्याला, ताटली आणि वेदीवरची कापडं आणायची आहेत. सकाळी पाठदुखीची गोळी घेतली, भांडी गुंडाळायला जुने दोन टॉवेल पिशवीत टाकले आणि लातूरहून नांदेडची एसटी धरली. अहमदपूरपर्यंत उभी होते.

लातूरच्या वाचकांना आमची व्यवस्था ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या चर्चमध्ये बिशप असतात आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिलेल्या पाळकालाच प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) देता येतं. लातूर, मुरुड, नांदेड, भोकर आणि किनवटच्या जंगलातलं मोहगुडा, या सगळ्यांना मिळून सध्या एकच पाळक आहे. मोहगुड्यात चार कुटुंबं उरली आहेत. ‘तिथे नियमित उपासना होत नाही, सबब ती मंडळी भोकरला जोडावी व भांडी नांदेडला आणावीत,’ असा ठराव आमच्या समितीनं केला. चिटणीस म्हणून तो मीच लिहिला. आणायला कोण जाणार, असं विचारल्यावर प्रत्येकाच्या नात्यात लग्न निघालं.

नांदेडहून पाळकसाहेब माझ्याबरोबर येणार होते. त्यांच्या घरी पोचले तर ते पांघरूण घेऊन पडलेले, मनगटावर सलाइनच्या चिकटपट्टीचा डाग.

“डेंग्यू नाही, साधा ताप आहे,” ते म्हणाले. “बैल एक आणि वावरं पाच, ताई.”

“मग बैलानं गोळ्या तरी वेळेवर घ्याव्यात.”

त्यांच्या बायकोनं वरणभात वाढला. निघताना साहेब म्हणाले, “मोहगुड्याच्या मार्थाबाईला सांगा, मार्चपासून यायला जमलं नाही.” मी म्हटलं, ते तिला माहीत असेल.

आदिलाबादकडे जाणारी आगगाडी उशिरा आली आणि भोकरच्या अलीकडे बराच वेळ थांबून राहिली. बाहेर कापूस फुटला होता, तुरीला पिवळी फुलं होती. समोर सीताफळांची पाटी घेतलेली एक बाई बसली होती. तिनं माझ्या जवळजवळ रिकाम्या पिशवीकडं पाहिलं.

“बाजाराला का?”

“नाही. भांडी आणायला चाललेय.”

“वाटणी झाली का भावाभावात?”

“तसंच काहीसं.”

“मंग म्हातारी कोणाकडं राहून राहिली?”

मी पिशवीची घडी सारखी केली. तिनं एक पिकलेलं सीताफळ माझ्या हातात दिलं आणि हिमायतनगरला उतरून गेली. फळ मऊ होतं, साडीवर सांडलं. डाग अजून निघालेला नाही.

किनवटला उतरून टमटम (माणसांची ने-आण करणारी रिक्षा) केली. मोहगुडा हा नावाप्रमाणेच गुडा (जंगलाच्या कडेची छोटी वस्ती) आहे. दोन्ही बाजूंना साग, रस्त्यावर त्याची मोठाली वाळकी पानं. मार्थाबाई वाटेवर उभ्याच होत्या. वय साठीच्या पुढचं, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलेल्या, बोलणं मोजकं. “सलाम, बाई,” म्हणून त्यांनी माझी पिशवी घेतली. तिच्यात दोन टॉवेलच आहेत हे त्यांच्या हाताला कळलं असणार. 

जेवायला ज्वारीची भाकरी, कण्या घातलेली अंबाडीची भाजी आणि लाल ठेचा. मार्थाबाईंचे पती दानियलबाबा बाजेवर होते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं (अर्धांगवायू झाला), तेव्हापासून डावा पाय ओढतात.

“आता आमचं देऊळ भोकरला म्हणं,” बाबा म्हणाले. चर्चला ते देऊळच म्हणतात.

“समितीनं तसं ठरवलंय.”

“समितीला पाय चांगले हायेत. मला घराचा उंबरा लई झाला.”

“गप बसा, त्या थकून आल्यात,” मार्थाबाई म्हणाल्या. मग मला विचारलं, “उद्याच नेणार ना?”

“हो.”

“बरं. उपासना झाली की न्या. प्याला घासून ठेवलाय.”

“उपासना? साहेब तर येत नाहीत.”

“पर आयतवार तर येतोय ना,” बाबा म्हणाले.

कापूसवेचणी सुरू असल्यामुळं उपासना उजाडताच असते. पत्र्याच्या छपराची एक खोली, दारात टांगलेला रुळाचा तुकडा हीच घंटा. बायका कमरेला ओट्या (वेचलेला कापूस टाकायचं फडकं) बांधूनच आल्या. दोन पोरं बाबांना खांद्याला धरून घेऊन आली. टेबलावर पांढरं कापड, त्यावर प्याला आणि ताटली. प्याला रिकामाच. पाळक नसताना तो मांडायचं कारण काय, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मार्थाबाईंनी सकाळची उपासना (ही पाळकाशिवायही चालवता येते) सुरू केली. गीत झालं, गुडघे टेकून पापांगीकार (सगळ्यांनी मिळून पापांची कबुली) झाला. आणि त्या थांबल्या.

मला वाटलं, पान हरवलं. चष्मा जुना आहे, डोळे अधू असतील. कोणीच काही बोलेना. बाहेर कोंबडा आरवला, एक पोरगी जांभई देऊन आईला टेकली. मला रेंगाळलेलं काम बघवत नाही. माझ्या हातात उपासनेचं पुस्तक होतंच. मी खणखणीत आवाजात पुढचा परिच्छेद वाचायला सुरुवात केली.

सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. मी क्षमेचं वचन वाचत होते. देवाच्या नावानं लोकांना पापांची क्षमा जाहीर करण्याचं ते वचन. ते पाळकाशिवाय कोणी उच्चारत नाही. हे मला बत्तीस वर्षांपासून माहीत आहे. मी अर्ध्या वाक्यात थांबले.

“बाई,” बाबा मागून म्हणाले, “बिशपसाहेबांनी तुमच्या डोक्यावर हात कधी ठेवला? आमाला बोलावलं न्हाई.”

बायका ओटीत तोंड लपवून हसल्या. मार्थाबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून तेवढा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी पुढची प्रार्थना सुरू केली, आणि उपासना नीट शेवटाला गेली.

लोक शेताला निघून गेल्यावर मी विचारलं, “दर रविवारी असंच थांबता?”

“हाव. ती जागा साहेबाची हाय. म्या मनात प्रभूची प्रार्थना एकडाव म्हनते. तेवढ्या वेळात साहेबाचं वाचून होतं.”

“आम्ही लातूरला तेवढं सोडून पुढं जातो.”

“सोडलं की जागा बुजती,” त्या म्हणाल्या. “मंग साहेब आले तरी पोरास्नी कळत न्हाई, इथं आमेन म्हनायचं असतंय.”

“आणि प्याला कशाला मांडता?”

“साहेब कधीमधी दुपारचे येतात. आल्यावर धावपळ नको.”

मार्चपासून दर रविवारी त्यांनी तो मांडला होता आणि पुसून परत ठेवला होता. आता कापडाच्या घड्या घालून त्यांनी प्याला आणि ताटली माझ्या टॉवेलांत गुंडाळली. घड्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या.

“तुमची काही तक्रार नाही?” मी विचारलं.

“भांडं मंडळीचं हाय, माझं न्हाई. आयतवार करायला प्याला लागत न्हाई, बाई. साहेबाला बोलवायला लागतो. आता कशाला बोलवावं?”

मला निरोप द्यायला त्या वाटेपर्यंत आल्या नाहीत. कापूस वेचायला उशीर झाला होता.

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर होती. फार जड नव्हती. पाठ मात्र दुखत होती. समितीत आम्ही उपासना मोजताना पाळकाच्या फेऱ्या मोजल्या होत्या. ठरावातलं पहिलंच वाक्य खोटं होतं आणि ते माझ्या अक्षरात होतं. मला या वयात नवी कामं नको आहेत. पण चुकीचं लिहिलेलं दुरुस्त करणं हे नवं काम नाही, चिटणिसाचंच आहे.

संध्याकाळी नांदेडला साहेब उठून बसले होते. मी टॉवेल सोडून प्याला त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

“आणलात,” ते म्हणाले. आनंद झालेला दिसला नाही. “कपाटाची किल्ली देतो.”

“कपाटात नको. तुम्ही तो परत नेऊन द्यायचा आहे.”

“मी? माझा कुठला रविवार रिकामा आहे, ताई?”

“लातूरला महिन्यातले दोन आहेत, पहिला आणि तिसरा. तिसरा मोहगुड्याला द्या.”

“ठराव झालाय.”

“ठराव चुकलाय. तिथं उपासना नियमित होते, मी गुडघे टेकून आले. तुमचं येणं नियमित नाही.”

त्यांनी कपाळावरून हात फिरवला. “हे खरं आहे,” म्हणाले. मग प्याला जवळ ओढला. “लातूरचे लोक ऐकतील?”

“नाही ऐकणार. ते मी बघते.”

त्यांच्या बायकोनं प्याला उचलून देव्हाऱ्यासारख्या एका कोनाड्यात, औषधांच्या बाटल्यांशेजारी ठेवला. “इथं डोळ्यासमोर राहील,” ती नवऱ्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या बसस्थानकावरून लातूरच्या सॅम्युअलकाकांना फोन लावला. काका आमच्या मंडळीतले सगळ्यांत जुने सभासद. त्यांचं पटलं की बाकीच्यांचं पटतं.

“तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब आपल्याकडं येणार नाहीत. मोहगुड्याला जातील,” मी सांगितलं.

“कुणी ठरवलं?”

“मी.”

“समितीला विचारून?”

“समितीला आता सांगतेय. तुमच्यापासून सुरुवात केली.”

“म्हणजे आम्हाला महिन्यातून एकदाच प्रभुभोजन?”

“हो. त्यांना मार्चपासून एकदाही नाही.”

 मागे काकांच्या दुकानाचं शटर उघडल्याचा आवाज आला.

“मग त्या दिवशी आपल्याकडं वाचणार कोण?”

“मी वाचेन. आणि क्षमेच्या जागी थांबेन. पान हरवलं असं समजून मला कुणी खुणावू नका.”

“बघू,” काका म्हणाले. आमच्या समितीत ‘बघू’चा अर्थ होकार असाच घेतात. त्यांचा विचार बदलायच्या आत मी फोन ठेवला आणि लातूरचं तिकीट काढलं.