सर्च बॉक्समध्ये कुणीतरी विचारत होतं

मागच्या आठवड्यात इथे ग्रुपवर एकाने विचारलं होतं, स्वतःचा ब्लॉग सुरू करतोय, कुठले प्लग-इन घेऊ? बऱ्याच जणांनी छान उत्तरं दिली. कुणीतरी लिहिलं, "सर्च बॉक्स नक्की टाका, आणि लोक काय शोधतात त्याचा रिपोर्ट दर आठवड्याला बघत जा." मी त्याखाली दोन ओळी टाइप केल्या आणि पुसल्या. मग वाटलं, सांगूनच टाकावं. पंचवीस वर्षं झाली आता...

आधी एक स्पष्ट करते. आमच्या घरात भूत-बाधा, अंगारे-धुपारे यांना थारा नव्हता. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातलं सगळं प्रवरेत सोडलं. माझे वडील, आबा, नेवाशात प्राथमिक शिक्षक. वर्गात कुणी गंडा-दोरा बांधून आलं तर त्याला फळ्यापाशी उभं करून "हा कशाने काम करतो ते सांग बरं" म्हणून विचारायचे. मी त्यांचीच मुलगी. आजही माझा कशावर विश्वास नाही. फक्त जे झालं ते झालं.

१९९९ सालची गोष्ट. मी तेव्हा श्रीगोंदा तालुक्यात एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते. कॉलनीत एका खोलीचं क्वार्टर, जेवण मेसमध्ये. वय एकतीस. लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. मी नवऱ्याचं घर सोडून नेवाशाला आले, त्या दिवशी आबा एवढंच म्हणाले होते — "परत जा." मी परत गेले नाही. पण तिथे राहिलेही नाही. नोकरी धरली आणि निघाले.

तीन वर्षं आम्ही बोललो नाही. मग आबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचाच गेली. उजवी बाजू लुळी, तोंडातून फक्त "अं... अं..." मी दवाखान्यात एकदा जाऊन आले. ते माझ्याकडे बघून रडायला लागले. माझ्याने ते बघवेना. त्यानंतर धाकट्या भावाची, मिलिंदची, पत्रं यायची — ताई, येऊन जा. मी लिहायची, सीझन चालू आहे, सुट्टी नाही.

खोटं होतं ते. रविवारची सुट्टी असायची. आणि दर रविवारी मी सकाळच्या एसटीने नगरला जायची, माळीवाडा स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत. तिथून नेवासा दीड तासावर. पण मी त्या गाडीत कधी बसले नाही.

कॅफे कसला, दोन कॉम्प्युटर आणि एक फोनलाइन. मालक गाडेकर काका, मिलिटरीच्या सिग्नलमधून रिटायर झालेले. तिथे बसून मी माझं होमपेज बनवत होते. ब्लॉग हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत आला नव्हता. एक अमेरिकन साइट फुकट जागा द्यायची, तिथे सहा पानं. इंग्रजी अक्षरांत मराठी. कॉलनीतल्या चिंचेवर येणारे पोपट, बॉयलरच्या भोंग्यावर कसा सगळा दिवस चालतो, मळीचा वास कपड्यांतून कसा जात नाही... असलंच काहीबाही. आठवडाभर कुणाशी न बोललेलं.

आज तुम्ही प्लग-इन टाकता, तसे तेव्हा कोडचे तुकडे मिळायचे. कॉपी करून पानात चिकटवायचे. मला हावच सुटली. घड्याळ, पडणारा बर्फ, माऊसमागे पळणारे तारे, काउंटर, गेस्टबुक, पान उघडलं की वाजणारी ट्यून... गाडेकर काका मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, हे काय जत्रंचं दुकान मांडलंय?"

"छान दिसतंय की, काका."

"दिसतंय. पण उघडायला पाच मिनिटं लागत्यात. तवर माणूस चहा पिऊन घरी जाईल. एकेक तुकडा घ्या आन् विचारा — ह्याचा येणाऱ्याला काय उपयोग? न्हाई म्हटलं की काढा."

मी काढत गेले. बर्फ गेला, तारे गेले, ट्यून गेली. शेवटी तीन गोष्टी उरल्या. काउंटर, म्हणजे कुणी आलं तर कळेल. गेस्टबुक, म्हणजे आलेल्याला बोलता येईल. आणि सर्च बॉक्स. सहा पानांत कोण काय शोधणार, असं काका म्हणाले, पण तो देणारे दर सोमवारी ई-मेलवर रिपोर्ट पाठवायचे — कुठला शब्द शोधला, किती वाजता, किती निकाल मिळाले. मला ते आवडलं. कुणीतरी माझ्याकडे काहीतरी शोधतंय, ही कल्पनाच आवडली.

काउंटर माझ्याच येण्याने वाढायचा. गेस्टबुक कोरं. पहिले दोन रिपोर्ट रिकामे.

तिसऱ्यात एक ओळ होती. शोधलेला शब्द — वंदना. निकाल शून्य.

वंदना माझं नाव. ते पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं होतं. मग शून्य कसं? नीट बघितलं तर शोधणाऱ्याने ते W ने लिहिलं होतं. मी V ने लिहिते.

माझं नाव W ने लिहिणारा जगात एकच माणूस होता. आबा इंग्रजी स्वतःच्या स्वतः शिकले होते आणि त्यांच्या लेखी 'व' म्हणजे W. माझ्या सगळ्या वह्यांवर त्यांच्या हातचं W होतं. दहावीच्या फॉर्मवर मी ते V केलं, तर दोन दिवस रुसले होते.

म्हटलं, योगायोग. जगात वंदना काय कमी आहेत?

पुढच्या रविवारी रिपोर्ट उघडला. दोन ओळी. पहिली परत वंदना, W ने, शून्य. दुसरी — "जेवलीस का". त्यातही मधला व W ने. निकाल शून्य.

जेवलीस का, हे आपल्याकडे कुणीही कुणालाही विचारतं. पण सर्च बॉक्समध्ये? हे शोधणं नव्हतंच, विचारणं होतं. कुणीतरी मला विचारलं, जेवलीस का, आणि माझ्या पानाने उत्तर दिलं — काही सापडलं नाही.

काकांना बोलावलं. आबांचं काही सांगितलं नाही, फक्त कागदावर छापून दाखवलं. ते वेळेच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही अमेरिकेची वेळ. रात्रीचे बारा पन्नास. साडेदहा तास मिळवा... म्हणजे आपले सकाळचे अकरा वीस. रविवार." चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "त्या टायमाला तर तुमी हितंच बसलेल्या असता."

"मी नाही केलं, काका."

"तुमी म्हणत न्हाई मी. ह्या दुसऱ्या मशीनवरून कुणी चेष्टा करत असंल." त्यांनी घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी होते. उठून सरळ मॉडेमची फोनची वायर उपटली. "बारापर्यंत बंद. आता बघू."

आम्ही दोघंच बसलो होतो. काकांनी चहा मागवला. ते राजस्थानातल्या पोस्टिंगबद्दल काहीतरी सांगत होते, माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. बारा वाजले, वायर लावली.

आठवड्याने रिपोर्ट आला. रविवार, अकरा चोवीस. "कानाला बांधलंस का." निकाल शून्य.

लहानपणी थंडीत मला खोकला धरायचा. शाळेला निघताना आबा दारात आडवे उभे राहून हाच प्रश्न विचारायचे. याच शब्दांत. हे मी पानावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. कुठेच नाही, डायरीतही नाही.

काकांनी कागद दोनदा वाचला. "लाइन तर बंद हुती," एवढंच म्हणाले आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. नंतर त्यांनी त्यावर थट्टा केली नाही की अंदाजही बांधला नाही.

मी काय केलं, तर एक सातवं पान बनवलं. हसाल तुम्ही. त्यावर W ने माझं नाव लिहिलं. खाली, तसंच W ने, लिहिलं — जेवलीस का? हो, जेवले. मेसमध्ये वांग्याची भाजी होती. कानाला बांधलंस का? हो, बांधलंय, हिरवा स्कार्फ आहे. बाकी काही नाही. ते पान कुठल्याच पानाला जोडलं नाही. शोधणाऱ्यालाच सापडावं.

त्यानंतरच्या रविवारी रिपोर्टात चार ओळी होत्या. वंदना — एक निकाल. जेवलीस का — एक निकाल. कानाला बांधलंस का — एक निकाल.

चौथी ओळ — "चुकलं माझं". शून्य.

कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून मी उठले. काका म्हणाले, "निघाला?" मी म्हटलं, "नेवाशाला जाते." त्यांनी कागद छापून माझ्या हातात दिला. बाहेर पडून स्टँडवर आले. नेवाशाची गाडी सुटायला वेळ होता, उभीच राहिले.

दोन वाजून गेले होते पोचायला. आबा दारातच खुर्चीवर होते, रस्त्याकडे तोंड करून. अंगावर शाल, मान थोडी एका बाजूला. किती बारीक झाले होते! मला बघून त्यांचा डावा हात हलला.

शोभा, मिलिंदची बायको, आतून धावत आली. "ताई! आवो कळवायचं तरी. आज लईच हट्ट केलाय बघा आबांनी. दर आयतवारी खुर्ची दारात घ्यायला लावत्यात. साडेअकराला नगरहून येणारी गाडी गेली की खुणंनं म्हणत्यात, आत न्या. आज दोन वाजले, तरी हलायला तयार न्हाईत. जेवले सुदिक न्हाईत."

"दर रविवारी?" मी विचारलं.

"तर. दिवाळीपासून चाललंय."

मी खुर्चीपाशी खाली बसले. म्हटलं, "आबा, जेवले नाहीये मी." कारण खरंच जेवले नव्हते. शोभाने ताट आणलं, बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याची भाजी. आबांनी डाव्या हाताने ताट माझ्याकडे सरकवलं, आणि मी भाकरी संपवेपर्यंत नजर हलवली नाही. मग शोभाने भरवलेले चार घास त्यांनी खाल्ले.

संध्याकाळी शोभा पाण्याला गेली तेव्हा मी त्यांना कागद दाखवला. "तुम्ही विचारलं होतंत ना हे?" त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत काहीच ओळख नव्हती. एखाद्याला परक्या गावचा पत्ता विचारावा तसं बघत होते. मी कागद घडी करून ठेवला. म्हटलं, "आबा, माझंही चुकलं." त्यावर त्यांनी माझं मनगट धरलं, आणि अंधार पडेपर्यंत सोडलं नाही.

त्यानंतर दर रविवारी मी नेवाशाला जायची. दोन महिन्यांनी एकदाच नगरला उतरून ई-मेल बघितली. त्या रविवारपासूनचे सगळे रिपोर्ट रिकामे होते. आबा पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. मी जवळ होते. काही वर्षांनी ती फुकट जागा देणारी साइटच बंद पडली, माझी सात पानं तिच्यासोबत गेली. छापलेले कागद तेवढे राहिले.

मिलिंदला हे मी कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं. मला आतून धाकधूक होती की त्यानेच कुठेतरी बसून केलं असेल. गेल्या वर्षी तो पुण्याला माझ्याकडे राहायला आला, तेव्हा कागद पुढे ठेवले आणि सगळं सांगितलं.

"ताई, मी त्या साली माऊसला हातसुद्धा लावला नव्हता," तो म्हणाला. "नेवाशात कुठलं इंटरनेट?"

मग एकेक कागद वाचत गेला. शेवटच्या ओळीवर थांबला.

"हे आबा नाहीत."

"का?"

"'चुकलं माझं' — आबा? एकदा एका पोराचा पेपर त्यांनी चुकीचा तपासला होता. हेडमास्तरांनी दाखवून दिलं, तरी म्हणाले नाहीत. बोलता येत होतं तेव्हा कधी म्हणाले नाहीत, ताई. तू तरी ऐकलंस?"

नव्हतं ऐकलं. इतकी वर्षं जे धरून बसले होते ते त्याने एका वाक्यात हातातून काढून घेतलं, असं वाटलं.

मग कोण होतं? लाइन बंद असताना, नेवाशात कॉम्प्युटर नसताना, मला त्या शब्दांत विचारणारं कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथे कुणी तांत्रिक खुलासा केला तर मी मनापासून वाचेन.

मिलिंदने चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि तो पहिल्या ओळीतल्या W वरून बोट फिरवत राहिला. सकाळी निघताना त्याने ते कागद आपल्या पिशवीत घातले. मला विचारलं नाही. मीही परत मागितले नाहीत.