अर्धा इंच कमी

नाथाजी खाड्याची छाती भरतीत अर्धा इंच कमी भरली आणि फौजेचं दार बंद झालं. एकदा नव्हे, तीनदा. म्हसवडजवळच्या त्याच्या गावात घरटी एक फौजी, आणि हा गडी गावच्या रानाचा राखणदार! लग्नाच्या बोलण्यांत सासऱ्यानं विचारलं होतं, "जावई कुठल्या पलटणीत?" तो प्रश्न नाथाजीला अजून टोचतो.

मग त्यानं रानाचीच पलटण केली. कडुलिंबांच्या बुंध्यांवर गेरू-चुन्याचे पट्टे, नंबर, रोज सकाळी हजेरी. लोक हसायचे. हसेनात का!

यंदा रान कार्बनच्या योजनेत बसलं. झाडं हवेतला कार्बन ओढून लाकडात साठवतात, पण दाटीत कुणीच अंग धरत नाही, म्हणून रोडकी झाडं काढायची होती. वनखात्याच्या शिवांजली मॅडमनी त्याच्या हातात टेप दिली. "छातीच्या उंचीवर घेर मोजा. पंधरा इंचांखालचं तोडायचं."

छाती, टेप आणि नापास!

आठवड्यानं मॅडमनी वही पाहिली. एकही झाड नापास नव्हतं. अकरा झाडं तर बरोब्बर साडेपंधरा. त्यांनी स्वतः टेप लावली, तर चौदा.

"काका, टेपखाली बोटं घातली होती का?"

नाथाजीनं हात पाठीमागं नेले. भाकरी घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं, मनुबाईनं, सांगून टाकलं, "आवं मॅडम, ह्येंची सोताची अर्धा इंच कमी भरली व्हती. तवा कुणी बोट घातलं न्हाई."

मॅडम हसल्या नाहीत. "तोडावी लागतील, काका. नाहीतर शेजारची झाडंही अशीच खुरटतील. पण लाकूड न जाळता कामाला लावलं, तर कार्बन त्यातच राहतो."

"मग चुलीत एक ढलपी जायची न्हाई," नाथाजी म्हणाला. मनुबाईचं तोंड एवढंसं झालं. तिनं सरपणाची जागा झाडून ठेवली होती.

अकराही झाडं त्यानं आपल्या हातानं तोडली. डोळे पुसायला दोनदा थांबला. मग भरतीची तयारी चालते त्या शाळेच्या मैदानात त्यानं ते सोट रोवले, वर पोरांना पुलअप्स काढायला लोखंडी बार बसवले. नंबर तसेच ठेवले.

आता रानातली हजेरी झाली की तो मैदानावर येतो. एकोणपन्नास नंबरच्या खांबावर हात ठेवतो आणि म्हणतो, "तू तरी भरती झालास, गड्या."