भाऊ चौबळांची माती होणारी पिशवी

जगात काहीही नवं निघालं की ते आधी आपल्याला कळतं, अशी भाऊ चौबळांची पक्की समजूत होती. निजामपुऱ्याच्या त्यांच्या गल्लीत पहिला प्रेशर कुकर आला तेव्हा शिट्टी कशी वाजते यावर त्यांनी ओट्यावर उभं राहून व्याख्यान दिलं. त्या नादात डाळ करपली, आणि ती मुकाट्याने खाल्ली सरलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने. लग्न झाल्यापासून ही बाई भाऊंची व्याख्यानं ऐकत होती आणि त्यांचा परिणाम निस्तरत होती.

भाऊ, कागदोपत्री श्रीनाथ चौबळ, खुर्शीदशेठच्या सायझिंगमध्ये हेडक्लार्क होते. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढवण्याआधी सुताला खळ पाजून कडक करायचं, तो हा कारखाना. मक्याच्या पिठाची खळ शिजल्याचा वास भाऊंच्या शर्टाला बारा महिने असायचा. एक्क्याण्णव साली तिथे एक एजंट पिशव्यांचे नमुने घेऊन आला. हिरवी पिशवी, वर कोंब काढलेला आणि खाली ठसठशीत अक्षरं: ‘मी माती होते.’ साध्या प्लॅस्टिकमध्ये मक्याचं पीठ घातलंय, म्हणाला.

भाऊंचे डोळे चमकले. “मक्याचं पीठ? अहो, ही तर आपली खळ! गोदामात ओल आली की खळीच्या कापडाला बुरशी धरते. ती खळ खाते आणि मागोमाग कापडही खाते. ताग्याच्या चिंध्या हातात येतात. इथेही तस्संच होणार. जन्म गेलाय माझा खळीत!”

खुर्शीदशेठ पानाची पिंक सांभाळत म्हणाले, “भाऊ, गोदामातच माती झाली तर माझा माल काय तुमच्या धोतरात बांधू?” त्यांनी एकही पिशवी घेतली नाही. भाऊंनी मात्र पदरमोड करून गठ्ठाच उचलला. एजंटने वर दुसऱ्या जातीच्या चार पिशव्या फुकट दिल्या, उन्हात विरणाऱ्या. भाऊंच्या लेखी सगळ्या एकच.

इथवर ठीक होतं हो. पण गठ्ठा गेला गणेशपुरीला, आक्काकडे.

आक्का ही सरलाबाईंची थोरली बहीण. नवरा गेलेला, पदरी एवढासा जमिनीचा तुकडा. त्या वर्षी तिने छाती करून भात सोडून मोगरा लावायचं ठरवलं होतं. वज्रेश्वरीच्या देवळात गजरे खपतात, घर चालेल, असा तिचा हिशेब. मोगरा लागला नाही तर घरात खायला दाणा नव्हता. कलमं पिशवीत वाढवायची आणि लावताना पिशवी फाडून टाकायची, ही साधी रीत. भाऊ म्हणाले, “फाडता कशाला, आक्का? या पिशवीत कलमं भरा आणि पिशवीसकट पुरा. महिन्याभरात माती! मुळांना धक्कासुद्धा लागायचा नाही.”

आक्काने ऐकलं. यजमान गेल्यावर तिच्या जमिनीचे कागद भाऊंनीच कचेरीत खेटे घालून नीट करून दिले होते. ते ती विसरली नव्हती. त्यांचा शब्द तिला दगडावरची रेघ वाटायचा.

इकडे सरलाबाईंनी फुकटच्या पिशव्या कापून गच्चीत अंथरल्या आणि वर पापड वाळत घातले. काही दिवसांत पिशवीचा चुरा झाला. भाऊ टाळ्या पिटत वर आले. “बघ, विरली!”

“विरली कुठे, अहो? पापडाला चिकटलीय. खा आता!”

तेव्हाच पाणी कुठे मुरतंय ते कळायला हवं होतं. तुकडे पडणं म्हणजे माती होणं नव्हे. ऊन पिशवीचं पीठ पाडेल, पण ते पीठ प्लॅस्टिकचंच. हिरव्या पिशवीत मक्याचं पीठ होतं, ते किड्या-बुरशीने खाल्लं, प्लॅस्टिक ठेवलं जागच्या जागी. कापड बुरशी खाते, कारण कापूस झाडाचा; प्लॅस्टिक तिला पचत नाही. आणि खत होणं तर तिसरंच. ते सरलाबाईंच्या परसातल्या खड्ड्याला विचारा. बटाट्याची सालं, चहाचा चोथा, केळीची पानं, सगळं एकजीव काळंभोर. त्यातच त्यांनी एक हिरवी पिशवी टाकून पाहिली होती. दिवाळीत फावड्याला लागली ती अख्खी, फक्त बारीक भोकं पडलेली.

त्यांना आक्काची कलमं आठवली. भाऊंना दाखवली तर म्हणतात कसे, “भोकं पडली ना? झाली की सुरुवात!”

“चला गणेशपुरीला,” सरलाबाई म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.” शुक्रवार होता, लूमची आठवड्याची सुट्टी, त्यामुळे भाऊंना ड्युटीची सबबही सांगता येईना.

आक्काचा मोगरा पिवळा पडला होता. नवी फूट नावालाही नाही. भाऊंनी बांधावर उभं राहून मातीला, पाण्याला आणि शेवटी आक्काच्या हाताला दोष दिला. आक्का पदराचं टोक पिळत ऐकत राहिली, खरंच आपलंच चुकलं असेल म्हणून. ते मात्र सरलाबाईंना बघवेना. त्या वाफ्यात उतरल्या आणि एक रोप उपटून नवऱ्यापुढे धरलं. पिशवी शाबूत. आत मुळं कोंडून गोल गोल फिरलेली, वेणीच्या अंबाड्यासारखी. बाहेरच्या मातीला त्यांनी शिवलंही नव्हतं.

आक्का रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, “श्रीनाथराव, भात सोडून लावलेला मोगरा मी तुमच्या शब्दावर पिशवीसकट पुरला.”

भाऊ बांधावरून वाफ्यात उतरले. मग त्यांनी धोतर खोचलं, आक्काचा विळा घेतला आणि एकेक रोप काढून पिशव्या चिरायला बसले. संध्याकाळची एसटी येईपर्यंत ते चिरतच होते. सरलाबाईंना लाज वाटली नवऱ्याची, आणि कधी नव्हे ती दयाही आली. निम्मी रोपं वाचली, निम्मी गेली. ते वर्ष आक्काने लोकांच्या भाताची कापणी-झोडणी करून काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात निजामपुऱ्यात आक्काकडून मोगरा आला. पळसाच्या पानात बांधलेला, वर केळीचं सोपट, सुतळीसारखं गुंडाळलेलं. भाऊ निरोप्याला म्हणाले, “अरे, पिशवीत का नाही दिला? सुकतो ना!”

“आक्का म्हणाल्या, तुम्ही विचाराल म्हणून,” निरोप्या म्हणाला. “सांग म्हणाल्या, याची माती होते.”

सरलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊंनी पुडी सोडली. फुलं देवाला वाहून झाल्यावर ते पान घेऊन स्वतः परसात गेले आणि खड्ड्यात टाकायला वाकले. कडेला ती हिरवी पिशवी पडली होती, चिखलाने माखलेली. त्यांनी अंगठ्याने चिखल पुसला. अक्षरं काल छापल्यासारखी होती: ‘मी माती होते.’